टाकी रिकामी म्हणजे धोका टळला असे नाही

कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत ऊसपट्ट्यात गाड्या ठाकठीक करण्याची एकच धांदल उडते. टायर बदलतात, पाटे बदलतात, हौद्याला रंग लागतो. पण डिझेलच्या टाकीमागे चेसिसचे काय चालले आहे, हे कोणी वाकून बघत नाही. चाकांनी उडवलेला चिखल टाकीच्या ब्रॅकेटमागे साचतो, पावसाळाभर ओला राहतो आणि आतल्या आत लोखंड खातो. त्याच गाडीतून पोटॅशची पोती आणली असतील तर विचारूच नका. पोटॅशमधले क्लोराइड मिठासारखेच गंजाला खतपाणी घालते. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टँकरचीही हीच गत. वरून सतत ठिबकणारे पाणी चेसिसवरच उतरते.

हा गंज काढायचा तर टाकी उतरवावी लागते. गावात हे काम दारापुढेच चालते, आणि पैसे वाचतात हेही खरे. टाकी उतरवणे अवघड नाही. घोळ होतो तो पुढे. डिझेल काढून झाले की कोणीतरी म्हणतोच, "टाकी रिकामी हाय, आता काय होतंय? लाव वेल्डिंग!"

इथेच थांबा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी. पेटते ती वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफ व हवा दोन्ही असतात. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, असे आपण ऐकत आलो. पण भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस धरला आहे. म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीचा पत्रा याहून कितीतरी जास्त तापतो. हात लावून बघा, पटेल. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीला तर घरी हातच लावू नका.

आता कामाचे. टाकीतले डिझेल आधी वापरून संपवा. शंभर लिटर डिझेलचे वजन ऐंशी किलोच्या पुढे जाते, ते अंगावर घेण्यात शहाणपण नाही. गाडी सपाट जागी, सावलीत, चाकांना दगड लावून उभी करा. बॅटरीची निगेटिव्ह केबल पहिली काढा. उरलेले डिझेल खालच्या बुचातून स्वच्छ कॅनमध्ये काढून कॅन लांब ठेवा. बिडी, काडी, चूल जवळ नको. वाळूची बादली हाताशी हवी. इंजिनकडे जाणारी आणि परत येणारी नळी ओळखू येईल अशी खूण करा आणि दोन्हींची तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने बांधा. चिमूटभर माती आत गेली तर पंपाचा खर्च टाकीच्या कामाला लाजवील. काट्याची वायर सोडवायला विसरू नका, नाहीतर टाकी खाली येताना ती तुटते.

पट्ट्यांचे नट गंजून धरलेले असतातच. आदल्या रात्री त्यांवर तेल सोडून ठेवा. गॅसने तापवणे किंवा ग्राइंडर लावणे टाकी जागेवर असताना चालणार नाही. नटच सुटला नाही तर हाताच्या हॅक्सॉने कापा, वेळ लागला तरी चालेल. टाकीखाली फळी आणि जॅक देऊन मगच पट्टे सोडा, दोघांनी मिळून खाली घ्या आणि झाकण लावून कामापासून लांब नेऊन ठेवा.

मग चेसिस खरवडा आणि हातोडीने ठोकून ऐका. खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा आहे. तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग द्या, दोन दिवसांचे काम. आवाज बद्द आला, पापुद्रे निघाले, स्क्रूड्रायव्हर आत रुतला किंवा चीर दिसली, तर ते घरचे काम राहिले नाही. वरून पट्टी ठोकून वेल्डिंग मारायची गावठी पद्धत आहे. पण चेसिसच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा टाका मारला, की नवी चीर बहुधा त्या टाक्याच्या टोकालाच सुरू होते, आणि तीही भरल्या गाडीत. तिथे जाणकार वर्कशॉपच हवे. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सुटलेली आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळच लावलेला आहे ना, हे स्वतः बघा. नव्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक भाग यात जळतात. घासताना चेसिस नंबर मात्र जपा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, तिथे तो नंबर पुसट निघाला तर हेलपाटे ठरलेले.

टाकीच फुटकी असेल तर तिचे वेल्डिंग घरी नको म्हणजे नकोच. पाण्याने धुतली तरी सांध्यांत डिझेल राहते आणि उष्णतेने पुन्हा वाफ धरते.

बसवताना पट्टा आणि टाकी यांमधली रबरी पट्टी नवी घाला. ती नसली की पट्टा टाकी कापतो, आणि पाणी पुन्हा तिथेच मुरते. नळ्यांचे तांब्याचे वॉशरही बदला. डिझेल भरून हातपंपाने फिल्टरमधली हवा काढा, बुडबुडे थांबेपर्यंत. पहिली खेप करून आलात की पट्ट्यांचे नट पुन्हा एकदा आवळा, कारण नवे रबर बसल्यावर ते हमखास सैल पडतात.