गेम कन्सोलची किंमत व संगणक-प्रोसेसरचा भाव

वस्तूच्या किमतीवरून तिच्या उत्पादनखर्चाचा अंदाज बांधण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. गणनयंत्रांच्या बाबतीत मात्र हा अंदाज पुष्कळदा फसवा ठरतो. सन २००६ मध्ये बाजारात आलेली दोन उत्पादने, सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ हे गेम कन्सोल व इंटेल कंपनीचा डेस्कटॉप संगणकाचा कोअर २ प्रोसेसर, यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ व ५९९ डॉलर अशा दोन किमतींस विक्रीस आले. आयसप्लाय या संस्थेने यंत्र उकलून केलेल्या अंदाजानुसार, स्वस्त नमुन्याचे सुटे भाग व जुळणी यांवरच सुमारे ८०६ डॉलर खर्च येत होता. त्यांत सेल या मुख्य प्रोसेसरचा वाटा ८९ डॉलर होता. उलटपक्षी, इंटेलने जुलै २००६ मध्ये कोअर २ मालिकेतील केवळ एका प्रोसेसरचा, एक्स ६८०० चा, घाऊक भाव ९९९ डॉलर ठरविला. त्याच रचनेच्या, परंतु काहीशा मंदगतीच्या ई ६६०० चा भाव ३१६ डॉलर होता. दोहोंतील सिलिकॉन एकच असल्यामुळे हा फरक उत्पादनखर्चाचा नसून, वेगासाठी अधिक मोल देण्याच्या ग्राहकाच्या तयारीचा होय.

या विरोधाचे कारण उत्पन्नाच्या मार्गांत आहे. प्रोसेसर एकदाच विकला जातो. कारखाना, संशोधन व नफा यांची भरपाई त्या एकाच विक्रीतून व्हावी लागते. कन्सोलची विक्री ही मात्र व्यवहाराची सुरुवात असते. पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे, तो अन्य प्रकाशकाचा असला तरी, कन्सोलच्या निर्मात्यास शुल्क मिळते. शिवाय कालांतराने चिपा लहान व स्वस्त होतात. तथापि ही प्रतीक्षा महाग पडते. मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या खेळविभागास सुमारे २३,२०० कोटी येनचा तोटा झाला, व कंपनीने त्याचे कारण उत्पादनखर्चाहून कमी ठेवलेली किंमत हेच दिले.

खेळ विकतच न घेणारा ग्राहक या हिशेबात बसत नाही. अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सुमारे १,७०० प्लेस्टेशन ३ यंत्रे जोडून सन २०१० मध्ये एक महासंगणक उभारला. अशा उपयोगासाठी यंत्रावर लिनक्स चालविण्याची सोय आवश्यक होती. सोनीने सन २००९ च्या नव्या नमुन्यातून ती वगळली व एप्रिल २०१० मध्ये, सुरक्षिततेचे कारण देऊन, जुन्या यंत्रांच्या अद्ययावत प्रणालीतूनही काढून टाकली.

यावरून संशोधनसंस्थांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. प्रोसेसरचा भाव चढा असला तरी तेथे व्यवहार पूर्ण होतो. खर्चाहून कमी किमतीस मिळणाऱ्या यंत्राची उर्वरित किंमत कोणी तरी, केव्हा तरी भरावी, अशी विक्रेत्याची अपेक्षा असते. म्हणून खरेदीपूर्वी केवळ किमतींची तुलना न करता, त्या यंत्राचा इच्छित उपयोग पुढेही विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून राहील काय, हे तपासणे अगत्याचे ठरते.