गिअरबॉक्स उघडण्याआधी

सुरतेच्या ट्रॅफिकमुळे आपल्यापैकी अनेकांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे. या गाडीत गिअर कधी बदलायचा हे संगणक ठरवतो आणि त्याला वेग कळतो तो छोट्याशा स्पीड सेन्सरकडून. सेन्सरने दगा दिला की स्पीडोमीटरचा काटा उड्या मारतो किंवा शून्यावर बसतो, गिअर झटक्याने पडतात, नाहीतर गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. नाशिकला जाताना सापुतारा घाटात असं झालं तर सगळं कुटुंब अडचणीत!

ही लक्षणं गिअरबॉक्स बिघडल्यासारखीच दिसतात. म्हणून मोठ्या खर्चाला होकार देण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या.

१. कोड : स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. स्कॅनरवर पी०५०० (वाहनाचा स्पीड सेन्सर) किंवा पी०७२० (गिअरबॉक्सचा आउटपुट स्पीड सेन्सर) दिसला, तर शोध तिथूनच सुरू करा.

२. वेग : गाडी चालू असताना शेजारी बसलेल्याने स्कॅनरवरचा वेग मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहावा. बऱ्याच नव्या गाड्यांत वेग चाकांजवळच्या एबीएस सेन्सरवरून मोजतात, त्यामुळे एबीएसचा दिवा लागला आहे का तेही बघा.

३. वायर : पावसाळ्यात खाडीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं असेल, तर कनेक्टरच्या पिना गंजू शकतात. उंदीरही वायर कुरतडतात.

लक्षात ठेवा, कोड म्हणजे त्या सर्किटमध्ये दोष आहे. सेन्सरच गेला असं नाही. आधी वायर, मग सेन्सर आणि गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. दुरुस्तीनंतर कोड पुसून एक फेरी मारा. तो परत आला नाही, तर खुशाल गावी निघा!