मतपत्रिकेवर वरचं नाव कोणाचं?

१९३७ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातून सिनेटवर चार जण निवडून गेले. अमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि ॲश्ले. चौघंही मजूर पक्षाचे आणि चौघांचीही आडनावं इंग्रजी ‘ए’नं सुरू होणारी! यात योगायोग नव्हता. मतपत्रिकेवर कोणता गट वर येणार हे तेव्हा आडनावांच्या आद्याक्षरांवरून ठरायचं. पक्षानं ते हेरलं आणि उमेदवारच तसे शोधले. तिथे मतदान सक्तीचं, शिवाय मतदारानं उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात. कंटाळलेला मतदार वरून खाली एक, दोन, तीन लिहून मोकळा होतो. अशा मताला तिथे ‘गाढवमत’ म्हणतात. पुढे नियम बदलला आणि गटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरू लागला.

बरं, मतदान ऐच्छिक असलं की हा प्रकार थांबतो का? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मतदान केंद्र बदललं की मतपत्रिकेवरच्या नावांचा क्रमही फिरतो. एकच उमेदवार एका केंद्रावर पहिला, तर शेजारच्या केंद्रावर शेवटचा. संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. जॉन क्रॉस्निक आणि जोॲन मिलर यांनी १९९२च्या निवडणुकीतल्या ११८ लढती तपासल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या लढतींत क्रमाचा परिणाम दिसला, आणि पहिल्या नावाला सरासरी अडीच टक्के मतं जास्त मिळाली होती. जिथे उमेदवाराचा पक्ष छापलेला नव्हता, जिथे लढतीची फारशी चर्चा नव्हती, तिथे हा परिणाम अधिक. म्हणजे माहिती जेवढी कमी, तेवढा क्रमाचा जोर जास्त.

आपल्याकडे आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्ष उमेदवार येतात. प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे लागतात. पण आपल्या मतदाराची नजर नावाआधी चिन्ह शोधते. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटीच वेगळी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावलं. त्या पोलादी पेट्यांपैकी लाखो पेट्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या होत्या. पेट्या गेल्या, यंत्रं आली, तरी चिन्हाची सत्ता कायम राहिली.

ती किती मोठी आहे, हे २०२४च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रानं पाहिलं. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. काही मतदारसंघांत अपक्षांना जे वाद्य चिन्ह म्हणून मिळालं, त्यापुढेही ‘तुतारी’च लिहिलेलं होतं. साताऱ्यात पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे सुमारे ३३ हजार मतांनी हरले. त्या दुसऱ्या तुतारीला ३७ हजारांहून जास्त मतं पडली होती. दिंडोरीत त्याच पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले खरे, पण तुतारी घेऊन उभ्या असलेल्या दुसऱ्या भगऱ्यांनी एक लाखाहून जास्त मतं घेतली. यातलं प्रत्येक मत चुकूनच पडलं असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण प्रचारात न दिसलेल्या उमेदवाराला लाखभर मतं मिळतात, तेव्हा चित्राची ताकद मान्य करावीच लागते.

नावातही हीच ताकद. २०१४मध्ये रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच मतदारसंघात सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्षही उभा होता आणि त्यानं नऊ हजारांहून जास्त मतं घेतली. अशा नामसाधर्म्यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगानं २०१५पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला.

आणि चेहऱ्याची गंमत तर सर्वांत अजब. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ॲलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी उमेदवारांच्या जोडीचे फोटो दाखवले, तेही फक्त एक सेकंद, आणि विचारलं, ‘यांतला अधिक सक्षम कोण वाटतो?’ अमेरिकी सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत लोकांनी दाखवलेला चेहराच जिंकलेला निघाला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना फ्रान्समधल्या उमेदवारांचे फोटो दाखवून विचारलं गेलं, ‘तुमच्या जहाजाचा कप्तान कोणाला कराल?’ राजकारणाचा गंध नसलेल्या या पोरांनीही दहापैकी साधारण सात वेळा विजेताच निवडला.

मग जात, धर्म, महागाई, शेतमालाचा भाव, लाभाच्या योजना, पक्षनिष्ठा हे सगळं फोल का? मुळीच नाही. बहुतेकांचं मत याच गोष्टी ठरवतात. क्रम, चिन्ह आणि चेहरा यांना वाव मिळतो तो कुंपणावरच्या किंवा घाईतल्या मतदाराजवळ. असे मतदार थोडे असतात, पण निकालही थोडक्यानं लागतात. २०२४मध्ये वायव्य मुंबईचा खासदार ४८ मतांनी ठरला. राजस्थानात २००८मध्ये नाथद्वाऱ्याहून सी. पी. जोशी हरले, ते अवघ्या एका मतानं.

तेव्हा पुढच्या वेळी मतदान यंत्रासमोर उभे राहाल, तेव्हा चिन्ह, नाव आणि फोटो तिन्ही ताडून मगच बटण दाबा. त्यानंतर व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. तीही वाचा. सात सेकंद पुरेसे असतात.