दोन छाटण्यांमधली वाइन

एप्रिलमध्ये नाशिकजवळ दिंडोरी, निफाड किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला गेलात तर द्राक्षबाग ओळखू येत नाही. माल उतरलेला असतो, हिरवं काही शिल्लक नसतं, तारांवर नुसते काळपट ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात. वायनरीतल्या पाहुण्यांची गर्दी ओसरलेली असते. पण पुढच्या हंगामात वेलीला किती घड येणार, हे ठरायला सुरुवात होते ती याच रखरखाटात.

थंड मुलखात द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाते आणि वसंतात आपोआप फुटते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही. इथली वेल मोकळी सोडली तर बाराही महिने हिरवी राहते, पाल्यावर पाला येतो आणि घड जेमतेम लागतात. अंगणातल्या मांडवावर हौसेने चढवलेल्या वेलीला बऱ्याचदा नुसती सावलीच धरते, त्याचं कारण हेच. म्हणून महाराष्ट्रातला बागाईतदार वेलीचे ऋतू कात्रीने घडवतो. वर्षात छाटण्या दोन, पीक एक.

पहिली एप्रिलमधली, खरड छाटणी. फळ देऊन गेलेल्या काड्या ओलांड्याजवळ एखादा डोळा राखून काढून टाकायच्या. नवीन फुटी येतात, त्यांतल्या मोजक्या ठेवून बाकीच्या काढतात, शेंडा खुडतात, बगलफुटी मोडतात. ही कामं दिसायला किरकोळ, पण सगळा डाव त्यांच्यावर आहे. छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या आत ठरतं की त्यातून पुढे घड निघणार की नुसती बाळी, म्हणजे तारेला विळखा घालणारा तणावा. त्या काळात डोळ्यावर ऊन पडलं पाहिजे. पाण्याची आणि नत्राची चंगळ झाली, पाला दाटला, की डोळे वांझ राहतात. पुढे पावसाळाभर काडी पिकून तपकिरी होते आणि बागाईतदार डाऊनी, करपा, भुरी या रोगांशी झुंजत पानं टिकवतो, कारण काडीत अन्न साठवायचं काम पानांचंच.

पावसाळा संपत आला की शेतकरी बागेतल्या काही काड्या कापून प्रयोगशाळेत नेतो. तिथे एकेक डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आत भाताच्या दाण्याहूनही बारीक असा घडाचा आकार तयार झालेला दिसतो, किंवा दिसत नाही. काडी कितव्या डोळ्यावर कापायची, हे त्यावरून ठरतं. वाइनच्या काही जाती दोन-तीन डोळ्यांवर आखूड छाटतात, काहींना सात-आठ डोळे ठेवावे लागतात.

मग सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, गोडी छाटणी. कापलेल्या काडीचा शेंड्याकडचा डोळा आधी फुटतो आणि खालच्यांना दाबून टाकतो. थंडीने सगळे डोळे एकसारखे जागे केले असते. इथे ते काम हायड्रोजन सायनामाइडच्या द्रावणावर सोपवावं लागतं. बागेत त्याला सगळे ‘पेस्ट’ म्हणतात. लावलेला डोळा ओळखू यावा म्हणून त्यात रंग घालतात. मजूर कापडाने किंवा स्पंजाने एकेक डोळा पुसत जातात. हे रसायन विषारी आहे, कातडी भाजतं. आणि ते हाताळण्याच्या आगेमागे माणसाने दारू घेतली तर चेहरा लालबुंद होऊन, छाती धडधडून तो आजारी पडतो. वाइनची सुरुवात ज्या हातांनी होते, त्यांना त्या दिवसांत वाइनचा घोटही वर्ज्य आहे.

हे हात बहुतेक सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांतून येतात. डोंगरउतारावरची स्वतःची नागली-भाताची कामं सांभाळून टोळ्या खाली बागायती पट्ट्यात उतरतात आणि एकराप्रमाणे उक्तं काम घेतात. नवरा, बायको, भाऊ, वहिनी एकाच ओळीत पुढे सरकतात. कुठला डोळा ठेवायचा, कुठला नाही, हे त्यांना बघताक्षणी कळतं. दुपारी बांधावर नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी सोडली जाते. नाशिकच्या वाइनवर लिहिताना मालकांची, सल्लागारांची नावं येतात. या टोळ्यांचा उल्लेख क्वचितच होतो, आणि तो व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

खायची द्राक्षं इथे फार जुनी. वाइनची त्यामानाने नवी. राजीव सामंतांनी १९९७मध्ये नाशिकला वाइनच्या जाती लावल्या आणि २००० साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. वायनरी भराभर निघाल्या. मग २००८-०९च्या मंदीत माल उचलणारे हात आखडले आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. त्यांना दुसरा रस्ताच नव्हता. खायच्या थॉम्पसन द्राक्षाला भाव नाही मिळाला तर त्याचा बेदाणा करता येतो. वाइनचं शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्यॉ मंडईत कोण घेणार? मणी लहान, साल जाड, आत बिया. वाइनला हवं असतं तेच, कारण रंग आणि बराचसा गंध सालीत असतो. खायच्या द्राक्षाला संजीवकात बुडवून मणी फुगवतात; इथे मणी लहानच हवा आणि एकरी मालही आवरता घ्यावा लागतो. म्हणून वाइनचा शेतकरी करारावर उभा असतो, आणि करार डळमळला की बागही डळमळते.

गोडी छाटणीनंतर चार-साडेचार महिन्यांनी तोडणी येते, जानेवारी ते मार्च. युरोपात द्राक्ष पिकतं ते ऊन उतरत असताना. आपल्याकडे उलटं: पिकत जाईल तसा उन्हाळा चढतो, साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा ढासळतो. निफाडच्या जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री हा आंबटपणा राखतात, पण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात चार दिवसांचाही उशीर महागात पडतो. त्यामुळे रोज मणी चाखले जातात, बी तपकिरी झाली का ते पाहतात, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स मोजतात. २२ ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे बावीस ग्रॅम साखर. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का मद्यार्क तयार होतो, म्हणजे अशा द्राक्षाची वाइन साडेबारा-तेरा टक्क्यांची. तोडणी पहाटे करतात, माल गार असतानाच क्रेट वायनरीत पोचावेत म्हणून.

पुढचं काम थोडक्यात सांगता येतं. पांढऱ्या वाइनच्या शेनिन ब्लां, सोव्हिन्यॉ ब्लां यांचा रस लगेच दाबून काढतात, साल बाजूला, आणि स्टीलच्या टाकीत १२ ते १८ अंशांवर दोन-तीन आठवडे आंबवतात. लाल वाइनसाठी साल रसातच राहते; आंबताना ती फुगून वर येते, म्हणून खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा तिच्यावर सोडतात. रंग आणि तुरटपणा असा उतरतो. हे पंचवीस-तीस अंशांवर चालतं. किलोभरापेक्षा थोड्या जास्त द्राक्षांची एक बाटली होते.

तुरट लाल वाइनबरोबर नाशिकची झणझणीत मिसळ खाऊ नका. तुरटपणाने तिखट अधिक झोंबतं. किंचित गोडसर, चांगली गार केलेली शेनिन ब्लां तिथे शोभते.

बाग आणि तळघर दोन्ही चालू पाहायचं असेल तर फेब्रुवारीत जा. आणि वाइन चाखवणाऱ्याला द्राक्षाच्या जातीबरोबर आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा: ऑक्टोबरात पेस्ट लावणाऱ्यांना हातमोजे दिले जातात का? गिऱ्हाईक विचारायला लागलं, तर ते द्यावेच लागतील.