डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी

हिरवी साडी, फुलांचे दागिने, झाकलेल्या दोन वाट्या आणि भोवती ‘बर्फी की पेढा?’ असा गलका. सातव्या महिन्यात गर्भवतीचे असे कोडकौतुक होते, तिला हवे ते खाऊ घातले जाते. बाळाच्या मेंदूचा पाया मात्र त्याच्या पाच-सहा महिने आधीच घातला गेलेला असतो. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात पेशींचा एक चपटा पट्टा दोन्ही कडांनी वर उचलला जातो, कडा एकमेकींना भिडतात आणि त्यांची नळी होते. तिच्या वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू. ही नळी २८व्या दिवसापर्यंत मिटावी लागते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि कित्येक जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.

या काळात पेशी झपाट्याने दुणावत असतात. प्रत्येक नव्या पेशीसाठी डीएनएची नवी प्रत लागते आणि ती तयार करायला फोलेट लागते. या फोलेटचा माग पहिल्यांदा लागला तो मुंबईत. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी जीवघेणा पंडुरोग का होतो, हे तिला शोधायचे होते. जंतूंचा दोष सापडेना, तेव्हा तिने त्यांच्या ताटाकडे पाहिले. यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे इंग्लंडात पावाला लावतात ते मार्माइट, दिल्यावर त्या बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळले. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि काही वर्षांतच अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत बनवले. मेंदूच्या नळीशी त्याचे नाते निर्विवादपणे सिद्ध व्हायला मात्र १९९१ उजाडले. आधीच्या बाळात नळीचा दोष असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचेच कृत्रिम रूप, दिले, तेव्हा तो दोष पुन्हा उद्भवण्याचा धोका जवळपास तीन चतुर्थांशाने घटला. गिरणीतल्या त्या अनाम बायकांचे ऋण जगभरच्या बाळांवर आहे, असे मला मनापासून वाटते.

आईच्या अन्नातून मेंदूला नुसत्या विटा मिळतात असे नाही. कोणती वीट कुठे बसायची हे सांगणारा निरोपही मिळतो. सेरोटोनिन म्हटले की आपल्याला मनाची उभारी आठवते. गर्भात हेच रसायन वाढत्या चेतातंतूंना वाट दाखवण्यात हातभार लावते. ते येते कुठून? २०११ साली अलेक्झांडर बोनिन, पॅट लेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की, सुरुवातीच्या काळात पुढच्या मेंदूला ते वारेकडून मिळते. ट्रिप्टोफॅन हा प्रथिनांतला घटक आईच्या रक्तातून येतो आणि वार स्वतः त्याचे सेरोटोनिन बनवते. बाळंतपणानंतर पूर्वी जी पुरून टाकत, तीच ही वार. माणसात हे सारे तंतोतंत असेच घडते, असे त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांच्या मागे कोणी लागू नये. रोजच्या डाळी, दूध, शेंगदाणे, अंडी यांत ते असतेच.

लोहाचेही तसेच. ते रक्तासाठी लागते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण सेरोटोनिन आणि डोपामाइन घडवणारी विकरेही लोहावाचून चालत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. हा आकडा वाचताना पोटातल्या मेंदूंचाही विचार झाला पाहिजे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून आसपासच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला आहे. तिथे बऱ्याच मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. फोलेटचे काम पुरे व्हायला बी-१२ची जोड लागते आणि ते वनस्पतींतून मिळत नाही. ही मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची एक साधी परीक्षा झाली: आकडे सांगायचे आणि मुलाने ते उलट्या क्रमाने म्हणायचे, चार-सात-दोन ऐकले की दोन-सात-चार. गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ अगदी कमी होते, ती मुले या परीक्षेत आणि एकाग्रतेच्या आणखी एका चाचणीत मागे पडली. बुद्धीच्या इतर चाचण्यांत फरक दिसला नाही. ‘मूल मंद होईल’ अशी भीती कोणी घालू नये, पण हा फरक दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

तेव्हा, मूल हवे असे ठरवले असेल तर पाळी चुकायची वाट पाहू नका. ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड रोज, आधीपासून सुरू करून गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधीच्या बाळात नळीचा दोष असेल तर मात्रा बरीच जास्त लागते; ती डॉक्टरांनीच ठरवावी. घर शाकाहारी असेल तर बी-१२ तपासून घ्या. आणि सासूबाई, आई, हे वाचत असाल तर ताटाची काळजी सातव्या महिन्यावर ठेवू नका. सून किंवा लेक काय जेवते, हे आजच बघा.