मलमानेच चिघळणारा इसब

लसूण सोलताना पाकळी डाव्या हाताच्या अंगठ्यात, तर्जनीत आणि मधल्या बोटात धरली जाते. सुरी उजव्या हातात असते. त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या काही रुग्णांची नेमकी हीच तीन बोटं बिघडलेली असतात. टोकांची कातडी जाड, कोरडी आणि भेगाळलेली. मीठ-मसाला लागला की आगआग होते. उजवा हात मात्र जवळजवळ ठीक. दोष भांडी घासायच्या साबणाचा असता, तर दोन्ही हातांची कातडी गेली असती. म्हणून डॉक्टरांचा संशय लसणावर जातो, त्यातल्या डायअलिल डायसल्फाइड या द्रव्यावर. डावखुऱ्या माणसात हेच चित्र उजव्या हातावर दिसतं.

घरात अशा सगळ्या त्रासाला ‘इसब’ म्हणतात. पण इसबाचे दोन मोठे प्रकार वेगळे ओळखावे लागतात. एक अंगचा, म्हणजे अटोपिक एक्झिमा. तो बहुधा लहानपणीच सुरू होतो, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत ठाण मांडतो, आणि घरात कुणाला तरी दमा किंवा सततच्या शिंका असतात. दुसरा संपर्काचा. साबण, सोडा, सततचं ओलं काम यांनी कातडी झिजून होणारा दाह कुणालाही होऊ शकतो. संपर्काची अ‍ॅलर्जी मात्र ज्याच्या शरीराने एखादं द्रव्य शत्रू ठरवलं, त्यालाच होते. हे प्रकार एकाच हातावर एकत्र नांदू शकतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

कातडीचा सर्वांत वरचा थर ही शरीराची भिंत. ती मजबूत राहण्यासाठी फिलॅग्रिन नावाचं प्रथिन लागतं. या प्रथिनाच्या जनुकातले दोष अटोपिक एक्झिमाला कारणीभूत ठरतात, हे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिलं. अशा माणसाच्या भिंतीचा गिलावा मुळातच कच्चा असतो. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची रसायनं आत शिरतात.

ही रसायनं आकाराने अगदी लहान असतात. ती आत जाऊन शरीराच्याच प्रथिनांना चिकटतात. कातडीतल्या पहारेकरी पेशी त्यांना जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी-पेशी त्यांची ओळख पक्की करून ठेवतात. एवढं होईपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. एकच वस्तू वर्षानुवर्षं बिनतक्रार वापरल्यावरही अ‍ॅलर्जी उद्भवू शकते ती यामुळेच. पुढे त्या द्रव्याचा संपर्क झाला, की साधारण एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं. सोमवारी केसांना कलप लावला आणि बुधवारी पापण्या सुजल्या, तर दोष मंगळवारच्या वांग्याच्या भाजीला मिळतो. मग वांगं बंद, अंडं बंद, आंबट बंद. कलप तेवढा चालूच.

अंगचा इसब असलेल्यांना संपर्काची अ‍ॅलर्जी कमी होते, असं वैद्यकात बराच काळ मानलं जाई. दोन्हींत प्रतिकारशक्तीची वाट वेगळी असते, हे त्याचं कारण. आता चित्र बरंच बदललं आहे. एकूण प्रमाण इतरांइतकंच भरतं; पण मलमं आणि क्रीम यांतल्या घटकांची अ‍ॅलर्जी या रुग्णांत हटकून शोधावी लागते. ज्याची कातडी फुटलेली, तोच वर्षानुवर्षं तिच्यावर काही ना काही चोळत असतो. लोकरीपासून मिळणारं लॅनोलिन, सुगंधी द्रव्यं, निओमायसिन हे प्रतिजैविक, क्रीम टिकवणारी रसायनं हे सगळं त्या भेगांतून आत जातं. मेथिलआयसोथायाझोलिनोन या टिकाऊपणासाठी घातल्या जाणाऱ्या रसायनाला अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 चं ‘वर्षाचं अ‍ॅलर्जन’ ठरवलं होतं. काहींना तर खुद्द स्टेरॉइड मलमाचीच अ‍ॅलर्जी होते. ती ओळखणं फार अवघड, कारण जे औषध दाह पेटवतं तेच तो थोडा दाबूनही ठेवतं. रुग्णाला वाटतं, इसब हट्टी आहे. तो दुकानातून आणखी जहाल मलम आणतो.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबणाऱ्यांनी बिब्बा आठवावा. मुरगळल्यावर किंवा टाचेच्या भेगांना बिब्बा लावायची चाल महाराष्ट्रात जुनी आहे, आणि बिब्बा उतला की काय होतं हेही घरोघरी ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या अंगावर कपड्यांवरच्या खुणेच्या जागी पुरळ उठू लागलं. धोब्यांनी त्या खुणा बिब्ब्याच्या रसाने केल्या होत्या. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक ही त्याच कुळातली मंडळी. गाजर गवताचा उपद्रव तर पुण्यापासूनच देशापुढे आला. 1950 च्या दशकात ते पुणे परिसरात आढळलं आणि पुढे रानोमाळ पसरलं. त्याचे कण वाऱ्याबरोबर येऊन पापण्या, मान, कोपराची घडी इथे बसतात. पन्नाशीतल्या शेतकऱ्याला कोपराच्या घडीत पहिल्यांदाच इसब होतो आणि तो हुबेहूब अंगच्या इसबासारखा दिसतो.

नुसत्या नजरेने हा गुंता सुटत नाही; त्यासाठी पॅच टेस्ट लागते. ती जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी 1895 मध्ये मांडली. संशयित द्रव्यं छोट्या चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात आणि 48 तासांनी काढून जागा तपासतात. आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामाची कामं टाळायची. भारतीय रुग्णांसाठीच्या मानक संचात गाजर गवताचाही समावेश आहे. रक्तातलं आयजीई हे प्रतिपिंड मोजणारी किंवा सुई टोचून होणारी चाचणी या प्रश्नाचं उत्तर देत नाही; ती वेगळ्या, तात्काळ उठणाऱ्या अ‍ॅलर्जीची आहे. रुग्णाने जाताना घरातली मलमं, तेलं, कलप, टिकल्यांचं पाकीट असं सगळं बरोबर न्यावं. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर कोडासारखा पांढरा डागही पडू शकतो.

ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. म्हणून ती होऊच न देणं महत्त्वाचं, आणि ते एकट्या रुग्णाच्या हाती नाही. सिमेंटमधल्या क्रोमियमने गवंड्यांचे हात फुटतात. डेन्मार्कने 1983 पासून सिमेंटमधल्या विरघळणाऱ्या क्रोमियमवर मर्यादा घातली. फेरस सल्फेट मिसळून ते निष्प्रभ करता येतं. त्यानंतर तिथल्या बांधकाम मजुरांमधली ही अ‍ॅलर्जी घटली. पुढे युरोपीय संघानेही हीच मर्यादा स्वीकारली. आपल्याकडे उघड्या हाताने माल कालवणाऱ्या गवंड्याला हातमोजे मिळायला हवेत, हात फुटले तर त्याची पॅच टेस्ट व्हायला हवी आणि सिमेंटच्या पोत्यावर क्रोमियमचं प्रमाण त्याला वाचता येईल अशा भाषेत छापलं जायला हवं.