टॉन्सिल कधी काढायचे?

घशातले टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडिनॉइड हे शरीराचे पहारेकरी. श्वासातून, अन्नातून येणारे जंतू ते आधी ओळखतात. म्हणून एकदोनदा घसा दुखला की ऑपरेशन नको. वर्षात 7 वेळा किंवा सलग 2 वर्षं दरवर्षी 5 वेळा टॉन्सिल सुजून ताप आला, तर डॉक्टर काढण्याचा विचार करतात.

पण आम्हा शिक्षकांना वर्गात दुसरीही मुलं दिसतात. तोंडाने श्वास घेणारी, पेंगणारी, हाक ऐकू न येणारी. घरी त्यांना आळशी म्हणतात. ॲडिनॉइड वाढले की झोप मोडते, कानात पाणी साठतं. अम्मी-अब्बूंनी रात्री बघावं: मूल घोरताना श्वास मध्येच थांबतो का? थांबत असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन लागलंच तर घाबरू नका. प्रतिकारशक्ती संपत नाही, शरीरातल्या इतर ग्रंथी ते काम सांभाळतात.